गाडी ठीक, सवार ठीक

जबलपूरला माझं पोस्टिंग आलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. मला झाला नाही. आमचं घर कांचघरला. वडील डिफेन्सच्या कारखान्यात फिटर, आजोबा भंडाऱ्याकडून आलेले. स्वतःच्याच गावात फौजेची नोकरी म्हणजे डोक्याला ताप. मी आर्मी मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट, रँक हवालदार. पहिल्याच रविवारी शेजारच्या काकू दुखरा गुडघा घेऊन आल्या, त्यांच्या मागून तिघे जण खोकला घेऊन. सरकारी औषध आहे, चांगलंच असेल, असं सगळ्यांचं म्हणणं. मी कोणालाही एक गोळी दिली नाही. महिन्याभरात गल्लीत माझं नाव 'अकडू' पडलं. ते अजून आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

रिटायर झाल्यापासून सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडा चढला की कोणीतरी म्हणतंच, "अंकल, लड़ाई का कुछ सुनाओ." मी ज्या माणसाबद्दल सांगतो तो लढाईत मेला नाही. मोटारसायकलवरून पडला. एवढं ऐकलं की निम्म्यांचा रस जातो आणि जिलेबीच्या ताटाकडे नजरा वळतात. मग मीही गप्प बसतो. इथे मात्र मला कोणी थांबवू शकत नाही, म्हणून लिहितो आहे.

युनिटचं नाव लिहीत नाही. इन्फंट्रीचं होतं. त्यांच्या एम.आय. रूमला, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्याला, मी अटॅच होतो. डॉक्टर होत्या एक कॅप्टन मॅडम, केरळच्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पण चूक झाली की अशा बघायच्या की माणूस आपोआप सावधान व्हायचा.

त्या वर्षी ब्रिगेडच्या मोटारसायकल स्पर्धेची तयारी चालली होती. ट्रॅक कॅन्टोन्मेंटच्या मागच्या अंगाला, मुरमाचा, मधे मधे काळे दगड वर आलेले. एक नाला होता, त्यावरून गाडी उडवायची. पुढे मोरीचा अरुंद पूल, मग चढ, मग परत. गाड्या साडेतीनशे सीसीच्या बुलेट, जुन्या, हत्तीसारख्या जड. सकाळी पी.टी. झाली की प्रॅक्टिस सुरू. मी मैदानाच्या कडेला स्ट्रेचर, औषधांची थैली आणि ॲम्ब्युलन्स घेऊन उभा. नियम होता की ॲम्ब्युलन्स हजर नसेल तर ट्रॅकवर गाडी धावणार नाही. नियम चांगला होता. पुढे त्याचंच काय झालं ते सांगतो.

मोटारसायकल माणसाला कुठे कुठे मारते हे मला तिथे कळलं. पोटरीवर सायलेन्सरचा चटका तर सगळ्यांनाच होता, त्याला आम्ही युनिटचा शिक्का म्हणायचो. गळपट्टीचं हाड मोडायचं, कारण पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि धक्का खांद्यात जातो. किक उलटी बसली तर घोटा जायचा. गुडघ्यात रुतलेला मुरूम मी चिमट्यानं एक एक खडा काढायचो आणि तो गडी दात आवळून आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, मला नव्हे, गाडीला. या दिसणाऱ्या जखमा. रक्त दिसलं, हाड वाकडं दिसलं की वादच नसतो. न दिसणाऱ्या जखमेसाठी मात्र भांडावं लागतं.

टीमचे उस्ताद होते सुभेदार तोमर, ग्वाल्हेरकडचे. गाडी चालवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं मी आकसानं लिहितो असं कोणी म्हणायला नको. आकस आहेच. पण खोटं लिहीत नाही.

स्पर्धेचा नियम असा होता की पडलेल्या स्वाराला दुसऱ्या कोणी हात लावला तर तो बाद. आदल्या वर्षी युनिटचा कप त्यातच गेला होता. धावून आलेल्या एका जवानानं पडलेल्याला नुसता हात दिला होता. म्हणून तोमर साहेबांनी प्रॅक्टिसमध्येही तीच रीत घातली. पडलात तर स्वतः उठायचं. गाडी स्वतः उचलायची. एका किकमध्ये सुरू करायची. मग सावधान, सॅल्यूट आणि मोठ्यानं रिपोर्ट: "गाड़ी ठीक, सवार ठीक, श्रीमान!" आधी गाडी, मग सवार. हा रिपोर्ट झाल्याशिवाय मला मैदानात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. आणि रिपोर्ट झाला की मला बोलावायचं कारणच उरायचं नाही. सवार ठीक आहे, असं तो स्वतःच सांगून गेलेला असायचा.

मी पहिल्याच आठवड्यात तोमर साहेबांना म्हटलं होतं, "साहब, स्पर्धेचं स्पर्धेत बघू. प्रॅक्टिसमध्ये मला आधी बघू द्या."

"हवलदार साहब," ते म्हणाले, "आप अपनी पट्टी सँभालो. जोश की दवाई आपके पास नहीं है."

मुलं हसली. साहेबांनी स्वतः एकदा गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना गाडी उचलून सॅल्यूट ठोकला होता, ती गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला ऐकवली जायची. त्या गोष्टीचा मला तिटकारा आला होता. हाड मोडून माणूस मरत नाही, एवढाच तिचा अर्थ होता. पण मुलं त्यातून भलतंच शिकली.

टीममधला सगळ्यात चांगला स्वार होता लान्स नायक विलास मेश्राम, गोंदियाचा. माझ्याहून बराच लहान. युनिटमध्ये सगळा कारभार हिंदीत, पण माझ्याशी तो मराठीच बोलायचा आणि मला 'भाऊ' म्हणायचा. त्याची मोठी बहीण सुनंदा जबलपुरातच गढ्याला दिलेली होती आणि नेपियर टाउनमधल्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. आम्ही तिला दीदी म्हणायचो. रविवारी विलास तिच्याकडे जेवायला जायचा आणि येताना माझ्यासाठी जवसाची चटणी आणायचा. ती चटणी तो मला सहजासहजी देत नसे. "आधी म्हणा का मी सगळ्यात भारी चालवतो," असं म्हणायचा. मी म्हणायचो. खरंच होतं ते.

ज्या सकाळचं लिहितो आहे ती थंडीची होती. स्पर्धा चार दिवसांवर आलेली. विलास नाल्यावरून उडाला आणि पलीकडे उतरताना पुढचं चाक दगडावर बसलं. हँडल झटक्यात फिरलं आणि त्याचं टोक विलासच्या डाव्या बरगड्यांखाली घुसलं. तो उडून बाजूला पडला. गाडी दोन पलट्या खाऊन थांबली.

मी थैली उचलली आणि पळालो.

"रुक! अपनी जगह!" तोमर साहेबांचा आवाज आला.

मी थांबलो. ऑर्डर होती. विलास पालथा पडला होता. मग हातांवर उठला, गुडघ्यावर आला. मला लांबून त्याचं हेल्मेट दिसत होतं फक्त. त्यानं गाडीला खांदा लावला. एकदा ती निसटली. दुसऱ्यांदा उभी केली. किक मारली. सुरू झाली. सावधान.

"गाड़ी ठीक, सवार ठीक, श्रीमान!"

"शाबाश! जारी रख!"

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. विलासनं आणखी एक पूर्ण चक्कर मारली, मग गाडी लावून नीमच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथे हेल्मेट काढलं. मी गेलो तेव्हा टीममधला एक जण त्याच्या डाव्या खांद्याला तेल चोळत होता. तोमर साहेब शेजारी उभे होते. "कंधा खिंच गया है," ते म्हणाले. "दो मिनट में ठीक."

मी विलासचा खांदा दाबला. "इथे दुखतंय?"

"नाही ना भाऊ. आतून दुखून राहिलं. दाबल्यानं काही नाही होत."

मनगट हातात घेतलं. नाडी धावत होती, धाग्यासारखी बारीक. थंडीत त्याच्या कपाळावर घाम. शर्ट वर करून पोटावर हात ठेवला तर डावीकडे पोट फळीसारखं, आणि त्यानं माझा हात झटकला. कॅप्टन मॅडमनी आम्हाला हे शिकवलेलं होतं. प्लीहा फुटली की रक्त पोटात साचतं, छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं आणि दुखतं मात्र डाव्या खांद्यात. खांद्याला कितीही तेल लावा.

ट्रॅकजवळ रेडिओ सेट होता. मी तोमर साहेबांना न विचारता तो उचलला.

"ब्रावो, अल्फा. मैडम को सेट पर बुलाओ. ओवर."

थोड्या वेळानं मॅडमचा आवाज. "बोलो. ओवर."

"हैंडल पेट में लगा है, बायीं तरफ. पल्स एक सौ तीस, पतली. पेट सख्त. बायें कंधे में दर्द. ओवर."

"लिटाकर अभी लाओ. पानी नहीं देना. मैं बड़े हॉस्पिटल में सर्जन को बोलती हूँ. आउट."

मी वळलो तर तोमर साहेब ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला हात करून थांबवत होते. ट्रॅकवर चार गाड्या चालू होत्या. ॲम्ब्युलन्स गेली तर प्रॅक्टिस बंद करावी लागणार. नियमच तसा होता.

"ये सीक्वेंस पूरा होगा, फिर जाएगी," ते म्हणाले.

"साहब, डॉक्टर का ऑर्डर है."

"डॉक्टर यहाँ नहीं है. यहाँ मैं हूँ. आज एक को कंधे के लिए भेजूँगा, कल चार के कंधे दुखेंगे. क्यों मेश्राम, तू बोल. कैसा है?"

विलासनं मान वर केली. "ठीक हूँ, श्रीमान." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काहून इतका घाबरून राहिले भाऊ? टीममधून काढतील ना मला."

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, पण राग येऊन उपयोग नव्हता. माझ्यापुढे एकच गोष्ट होती. हा मुलगा आतून रिकामा होत चालला होता आणि त्याला सर्जनच्या टेबलावर पोचवायचं होतं. मी स्ट्रेचर उचललं आणि सरळ ट्रॅकवर चालत गेलो. मोरीच्या तोंडाशी, जिथून एका वेळी एकच गाडी जाते, तिथे ते आडवं टाकलं आणि त्याच्यामागे उभा राहिलो. पहिली गाडी नाल्याकडून आली. स्वारानं मला पाहिलं, ब्रेक मारला आणि मागचं चाक घसरवत माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. मागच्या तिघांनाही थांबावं लागलं. इंजिनं बंद झाली.

तोमर साहेब धावत आले. त्यांनी मला जे जे म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटी म्हणाले, "चार्ज लगेगा तुझ पर. फीती उतरवा दूँगा."

"उतरवा लेना," मी म्हटलं. "अब गाड़ी नहीं चल रही. एम्बुलेंस जा सकती है."

त्यांचाच नियम होता.

विलास स्ट्रेचरवर झोपायला तयार होईना. टीमसमोर स्ट्रेचरवरून जायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. उठून चालायला लागला आणि चार पावलांवर त्याचे गुडघे वाकले. मग त्याला कोणी विचारलं नाही. त्याच्याच टीमच्या पोरांनी उचलला. ज्यानं तेल चोळलं होतं तो रडत होता.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याचे पाय उंच केले, ब्लँकेट टाकलं, सलाइन लावलं. शीर सापडायला त्रास झाला, शिरा बसत चालल्या होत्या. रस्ताभर तो पाणी मागत होता.

"एक घोट द्या ना भाऊ."

"ऑपरेशन झाल्यावर देतो. बादलीभर देतो."

"गाडी ठीक आहे ना? हँडल वाकडं झालं होतं."

"गाडी गेली खड्ड्यात."

यावर तो हसला. मग म्हणाला, "दीदीला नका सांगू. उगाच ड्युटी सोडून धावत येईल." त्यानंतर तो नीट बोलला नाही. मी त्याचं नाव घेत राहिलो, तो 'हं' म्हणत राहिला, आणि मग तेही थांबलं.

हॉस्पिटलच्या दारात कॅप्टन मॅडम आणि सर्जन उभे होते. पडल्यापासून किती वेळ झाला, असं सर्जननं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो उशीर मीच केला होता. टीममधली सगळी मुलं ट्रकमध्ये बसून रक्त द्यायला आली. त्याच्या गटाचं रक्त कमी पडलं तर ऑफिसचा क्लार्क आला, कुक आला. तोमर साहेबही आले आणि त्यांनीही रक्त दिलं. हे मी लिहिलंच पाहिजे, म्हणून लिहितो.

दुपारी विलास ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. सर्जन बाहेर आले आणि कॅप्टन मॅडमना म्हणाले, पोटात सगळं रक्तच होतं, थोडा आधी मिळाला असता तर हातात काहीतरी राहिलं असतं. मॅडम माझ्याजवळ आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मैंने 'अभी' बोला था. अभी का मतलब क्या होता है तुम्हारे मैदान में?" मी सावधान उभा होतो. तोमर साहेब माझ्या मागेच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

माझ्यावर चार्ज लागला नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मृत्यू कसा झाला, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "साब, वो गिरकर नहीं मरा. उठने में मरा." प्रिसायडिंग ऑफिसर म्हणाले, फक्त फॅक्ट्स सांगा. मी म्हटलं, हीच फॅक्ट आहे. ती रीत पुढे बंद झाली. पडलेल्या माणसानं जागचं हलायचं नाही, असा आदेश निघाला. तोमर साहेब मानानं रिटायर झाले आणि इथेच स्थायिक झाले. कधीतरी सदर बाजारात समोर येतात. "राम राम, हवलदार साहब" म्हणतात. मी भाजी निवडत राहतो. बायको म्हणते, इतकी वर्षं झाली, आता सोडा. नाही सोडत. त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, पण त्यांच्या रामरामला उत्तर देणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

शव गोंदियाला न्यायच्या आधी सुनंदा दीदी युनिटमध्ये आल्या. नवरा बरोबर होता. त्या ड्युटीच्या पांढऱ्या साडीतच होत्या, रात्रभर बदललीच नव्हती. रडून झालेलं होतं. तोमर साहेब पुढे झाले, सॅल्यूट केला आणि म्हणाले, "दीदी, शेर था आपका भाई. इतनी चोट लगी, फिर भी खुद उठा. खुद गाड़ी उठाई. एक किक में स्टार्ट की. सैल्यूट मारा. मैंने अपनी सर्विस में ऐसा जवान नहीं देखा."

त्यांना वाटलं, बहिणीला बरं वाटेल. आजूबाजूच्या सगळ्यांनाच तसं वाटलं असावं.

दीदींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "उठा तब चेहरा कैसा था उसका?"

"जी?"

"रंग. सफेद पड़ गया था? पसीना था? हेल्मेट उतारा होगा ना उसने, तब होंठ कैसे थे?"

पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारत होत्या, एकामागून एक, आवाज न चढवता. तोमर साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"दीदी," ते म्हणाले, "मैं तो गाड़ी देख रहा था."

दीदींनी मान हलवली, कळलं म्हणून. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही होते ना त्याच्याजवळ?"

"झाडाखाली गेलो तेव्हापासून होतो, दीदी. त्याआधी जाऊ दिलं नाही."

"मग मला सांगा. सगळं सांगा. कसा दिसून राहिला होता तेही सांगा."

तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. नाडीचा आकडाही सांगितला, कारण तो त्यांना कळणार होता. पाण्याचं सांगितलं. 'दीदीला नका सांगू' म्हणाला तेही सांगितलं. तिथे त्यांनी नवऱ्याचा हात धरला. पाणी न दिल्याचं मला लागलं होतं, पण त्या म्हणाल्या, "नाहीच द्यायचं असते. बरोबर केलं तुम्ही." मग निघून गेल्या.

आता हे इथे लिहून ठेवतो. लान्स नायक विलास मेश्राम, राहणार गोंदिया. गोल चेहरा. डावी भुवई मधोमध तुटलेली, लहानपणी विहिरीच्या कठड्यावर पडला होता तेव्हाची. कान जरा पुढे आलेले. हसला की हिरड्या दिसायच्या, म्हणून फोटोत तोंड मिटून बसायचा. रंग आमच्यासारखाच सावळा. त्या सकाळी नीमच्या झाडाखाली तो राखेसारखा झाला होता, ओठ पांढरे, आणि डोळे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसलं असतं, बघितलं असतं तर.